साडेचौदा लाखांचा भरणा, साडेचोवीस लाखांची मागणी

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार बँकेत पैसे काढायला गेले. खात्यावर १ लाख ३८ हजार होते. कॅशियरनं स्लिप परत सरकवली. "तात्या, खात्याला होल्ड लागलाय. इन्कम टॅक्सचा."

तात्यांना वाटलं, नावाचा घोटाळा असेल. त्यांच्या भावकीत त्याच नावाचे आणखी दोघं आहेत. पण पॅन त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन ते नाशिकला कॅनडा कॉर्नरला माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात आले. बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, मी आयुष्यात धंदा केला नाही. शेतकऱ्याला इन्कम टॅक्स कुठून आला?"

त्यांच्या परवानगीनं हे लिहितोय. ओळख पटेल असं सगळं गाळलंय, तेव्हा इथे ते फक्त तात्या.

मुलाला शंका होती की हे सगळं बनावट आहे. शंका गैर नाही. महिन्यातून दोनतीन तरी लोक खोट्या मेलची प्रिंट घेऊन माझ्याकडे येतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असावा लागतो आणि तो आयकर खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. बँकेनं दिलेल्या पत्रावरचा क्रमांक टाकला. पत्र खरं निघालं.

आता पोर्टल उघडायचं होतं. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. खातं होतं, पण ते कधी उघडलं हेही तात्यांना आठवेना. आधार ओटीपीनं पासवर्ड बदलला. पॅन-आधार जोडलेलं होतं म्हणून ते जमलं. मुलानं जून २०२३ मध्ये, मुदत संपायच्या आठवडाभर आधी, पिंपळगावच्या सायबर कॅफेत हजार रुपये दंड भरून ते जोडून घेतलं होतं. त्या जोडणीला लॉगिन लागत नाही. लागलं असतं, तर कलम १४८ ची, म्हणजे जुन्या वर्षाची फाइल पुन्हा उघडल्याची, नोटीस त्याच दिवशी दिसली असती. तेव्हा ती पोर्टलवर तीन महिने पडून होती.

प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ई-मेल दोन्ही परके. मुलानं नंबर ओळखला. २०१६ मध्ये ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेनं दोन वर्षांचे रिटर्न मागितले होते. ते ज्या सल्लागाराकडून भरून घेतले, त्याचा तो नंबर. मेल आयडीही त्याचाच. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. शंभर पक्षकारांचा एकच मेल, म्हणजे ओटीपी आपल्याच फोनवर येतो, गावाकडे फोन करत बसावं लागत नाही. काम झटपट होतं, पक्षकारही खूश. मीही सुरुवातीच्या वर्षांत हे केलंय, खोटं कशाला बोलू.

पोर्टलवर ई-प्रोसिडिंग्जमध्ये, म्हणजे नोटिसांच्या रकान्यात, सगळी मालिका ओळीनं लागली होती. मार्च २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात कलम १४८अ ची कारणे दाखवा नोटीस. आर्थिक वर्ष २०१८-१९ मध्ये बचत खात्यात १४ लाख ६० हजार रोख भरलेत, रिटर्न नाही, खुलासा करा. उत्तर नाही. मार्चअखेर कलम १४८ ची नोटीस, तीस दिवसांत रिटर्न भरा. भरलं नाही. ऑक्टोबर आणि डिसेंबरात कलम १४२(१) च्या, माहिती मागणाऱ्या, दोन नोटिसा, मग शेवटची कारणे दाखवा. आणि मार्च २०२४ मध्ये कलम १४४ खाली एकतर्फी आदेश. वर्षभरात पाच वेळा विचारणा झाली, आणि तात्यांना त्यातल्या एकीचाही पत्ता नव्हता.

खात्याला कळलं कसं, हे तात्यांनी तीनदा विचारलं. कोणीतरी चुगली केली असणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. संशयितही ठरला होता, बांधाचा शेजारी. प्रत्यक्षात चुगली बँकेच्या संगणकानं केली, आणि ते त्याचं कामच आहे. चालू खाती सोडून एका माणसाच्या खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली, की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. सहकारी बँकाही त्यातून सुटत नाहीत. भरणा दिसतो, रिटर्न दिसत नाही, म्हणून नाव यादीत येतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण बँकेच्या अहवालात पैसे द्राक्षांचे की कशाचे, हा रकाना नसतो.

आता आकडा. खुलासा न मिळालेली रोकड कलम ६९अ खाली उत्पन्न धरली जाते आणि तिला नेहमीचे स्लॅब लागत नाहीत. त्या वर्षासाठी कलम ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार, दोन्हींवर ४ टक्के उपकर. गोळाबेरीज ७८ टक्के. १४ लाख ६० हजारांवर ११ लाख ३८ हजार ८०० रुपये कर झाला. रिटर्न न भरल्याचं आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज, दोन्ही महिन्याला एकेक टक्का, २०१९ पासून मोजलेलं. तेच कराहून मोठं झालं. एकूण मागणी साडेचोवीस लाखांच्या घरात. बँकेत भरले त्याहून दहा लाख जास्त. शिवाय १४२(१) च्या नोटिशीला उत्तर न दिल्याचे दंड वेगळे.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाग विकली तरी एवढे यायचे नाहीत."

इथे एक निर्णय घ्यायचा होता. नोटीस मिळालीच नाही, म्हणून सगळी कार्यवाही रद्द, असं भांडायचं का? मुलाचा आग्रह तोच. मी नको म्हटलं. मेल आयडी खात्यानं शोधून काढलेला नव्हता, तात्यांच्याच रिटर्नमध्ये दिलेला होता. कायदा अशा पत्त्यावर बजावणी मान्य करतो. सल्लागाराचा मेल ही आपली गैरसोय आहे, खात्याची चूक नाही. म्हणून नोटीस बेकायदा म्हणण्यापेक्षा, उशीर माफ करा आणि एकदा कागद बघा, एवढंच मागायचं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या मे २०२४ मधल्या हेक्सावेअर निकालामुळे, १४८ ची नोटीस चेहराविरहित पद्धतीनं, म्हणजे अधिकारी कोण ते न कळता ऑनलाइन, न देता स्थानिक अधिकाऱ्यानं दिली, हा मुद्दा त्या काळात प्रत्येक अपिलात असायचा. तोही घेतला. पण विसंबायचं ते कागदांवर, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. आम्ही ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पोचलो, म्हणजे चार महिन्यांवर उशीर. विलंबमाफीच्या अर्जाला पोर्टलच्या जुन्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट जोडला, तात्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि तिसरा कागद सगळ्यात अवघड होता, त्या सल्लागाराचं पत्र. त्यानं हा धंदा कधीच सोडला होता, आता जमिनीचे व्यवहार बघतो. फोनवर आधी उडवून लावलं. मग म्हणाला, मेल यायचे, पण रोज एवढे यायचे की उघडायचंच सोडून दिलं. तात्या स्वतः त्याच्या घरी गेले. भांडले नाहीत, चहा पिऊन आले. येताना दोन ओळींचं पत्र होतं: सदर ई-मेल माझा असून त्यावर आलेल्या नोटिसांची माहिती मी संबंधितांना दिली नाही. मी दहा वेळा फोन केला असता तरी हे पत्र मिळालं नसतं.

अपिलात आणखी एक अडसर असतो, त्यावर बरेच जण अडखळतात. रिटर्नच भरलेलं नसेल, तर आगाऊ कराएवढी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेत नाहीत, कलम २४९(४). उत्पन्न शेतीचं असल्यानं आगाऊ कर देय नव्हता, हे फॉर्म ३५ मध्ये, म्हणजे अपिलाच्या अर्जात, कारणासह लिहिलं. लिहिलं नाही तर अपील तिथेच लटकतं.

दरम्यान खातं बंदच होतं आणि पुढे गोडी छाटणी होती. ज्यांना द्राक्षाचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीनं काडी तयार होते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनं माल येतो. आणि गोडी छाटणी झाली की पैसा पाण्यासारखा जातो, पेस्ट, डिपिंग, फवारण्या, मजूर. छाटणी महिनाभर पुढे ढकलली की माल बाजारात उशिरा येतो आणि भाव हातचा जातो. तेव्हा अपिलाच्या निकालाची वाट बघणं परवडणारं नव्हतं. वसुली थांबवायला खात्याचा सरसकट हिशेब २० टक्के भरण्याचा आहे. इथे ते चार लाख नव्वद हजार होत होते. गडकरी चौकातल्या कार्यालयात तीन हेलपाटे झाले. होल्ड लागलेले १ लाख ३८ हजार वळते करून घ्या, आणखी १ लाख दोन हप्त्यांत देतो, बाकीला स्थगिती द्या, असा अर्ज आधी अधिकाऱ्याकडे, मग वरिष्ठांकडे. सोबत मी छाटणीचं वेळापत्रक आणि सोसायटीच्या पीक कर्जाचा उतारा लावला. सप्टेंबरच्या शेवटी खातं सुटलं. छाटणी आठ दिवस लांबली, तेवढंच.

आता मूळ प्रश्न: १४ लाख ६० हजार आले कुठून?

तात्यांचं पहिलं उत्तर "द्राक्षाचे" एवढंच. ते पुरत नाही. अडीच एकर बागेतून त्या वर्षी साडेचौदा लाख रोख, आणि खर्च वेगळा, हे मलाच पटत नव्हतं. मी पासबुक घेऊन प्रत्येक भरण्यापुढे तारीख मांडली, आणि गुंता तिथे सुटला. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, पण द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, आणि व्यापाऱ्याचे पैसे त्याच्याही महिनाभर मागून. म्हणजे २०१८-१९ या एका वर्षात दोन हंगामांचे पैसे आले होते. एप्रिल-मे २०१८ चे भरणे आदल्या हंगामाची येणी होती, फेब्रुवारी-मार्च २०१९ चे नव्या मालाचे. बागायतदाराचा वार्षिक हिशेब पाडव्याला धरा की दिवाळीला, मार्चअखेरीला तो हमखास मध्येच तुटतो.

शेवटी असे चार ढीग झाले. आदल्या हंगामाचे ४ लाख ८० हजार, त्यात ९० हजार बेदाण्याचे. कांद्याचे १ लाख १० हजार. नव्या हंगामाचे ५ लाख २० हजार. आणि ३ लाख ५० हजार जे तात्यांनी ९ जानेवारीला याच खात्यातून काढले आणि २१ फेब्रुवारीला परत भरले. शेजारचं रान घ्यायचं होतं. विसार द्यायच्या आदल्या रात्री विकणाऱ्याच्या भाऊबंदकीत वाद निघाला. मिटेल या आशेवर पैसे त्रेचाळीस दिवस घरच्या कपाटात राहिले. एकतर्फी आदेशात हे साडेतीन लाखही उत्पन्न धरले गेले होते. ज्या पासबुकातून भरणा दिसला, त्याच पासबुकात काढल्याची नोंद होती. पण सांगणारं कोणी नव्हतं.

कांद्याला बाजार समितीच्या हिशेब पट्ट्या होत्या, आकडा लहान असला तरी तारखेसह. त्या वर्षी कांद्यानं दुसरं काय दिलं असतं म्हणा. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीसच निफाडच्या एका शेतकऱ्यानं साडेसातशे किलो कांद्याचे मिळालेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते.

द्राक्षाचा पुरावा मात्र बाजार समितीत मिळत नाही. सौदा बागेवर होतो. व्यापारी येतो, माल चाखतो, भाव ठरतो, खुडा, म्हणजे घडांची तोडणी, सुरू होतो, काटा बांधावरच लागतो. पावती दिली तर दिली. तात्या कागद आणायला गेले आणि खताच्या गोणीत भरून सगळं घेऊन आले. औषधांच्या दुकानाची उधारीची बिलं, ड्रिपची वॉरंटी, नातवाचं लसीकरणाचं कार्डसुद्धा. आणि तळाशी एक लांबट वही, पुठ्ठ्याला खाकी कागद घातलेली. काकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची.

काकू सातवी शिकलेल्या. खुडा चालू असताना त्या काट्याजवळ बसायच्या. पानावर उभ्या चार रेघा: तारीख, क्रेट, किलो, भाव. खाली व्यापाऱ्याच्या माणसाची सही. पैसे आले की त्याच पानावर तिरप्या अक्षरात "मिळाले" आणि रक्कम. मी पासबुक शेजारी ठेवलं. वहीत ३ मार्चला १ लाख ४० हजार मिळाले, पासबुकात ४ मार्चला १ लाख ३५ हजार भरले. मधले पाच हजार कुठे गेले, तेही पुढच्या ओळीत होतं: मजुरी.

मी काकूंना फोन करून विचारलं, वही कशासाठी लिहायच्या. "व्यापारी पळून गेला तर पोलिसांना काय दाखवायचं?" पैसे बुडवून पळणारे व्यापारी या पट्ट्यात घरोघरी माहीत आहेत. आयकराचा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता, म्हणूनच ती वही मला खरी वाटली.

सातबारावर पीक द्राक्ष, क्षेत्र जुळत होतं. तेव्हा ई-पीक पाहणी सुरू व्हायची होती, त्यामुळे तलाठ्याच्या नोंदीचा उतारा काढला. एका व्यापाऱ्यानं लेटरहेडवर खरेदीचा दाखला दिला. दुसरा व्यापारी धंदा बंद करून गेलेला, त्याच्या बाबतीत फक्त वही.

एक कच्चा दुवा होता, तो लपवला नाही. खालच्या बागेचा एकच सौदा ३ लाख ४० हजारांचा, पैसे तीन टप्प्यांत रोख. प्रत्येक टप्पा दोन लाखांच्या आत होता, पण कलम २६९एसटी एका व्यवहाराची बेरीजही बघतं, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. आकडे तोडून दाखवूया, असं मुलगा म्हणाला. वहीत एका पानावर तो सौदा सलग होता. वही द्यायची तर पूर्ण द्यायची, नाहीतर द्यायचीच नाही. पूर्ण दिली. हे लिहीपर्यंत त्यावर दंडाची नोटीस आलेली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलाचा निकाल आला. उशीर माफ झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून अपील ऐकणाऱ्या आयुक्तांना एकतर्फी आदेश रद्द करून प्रकरण फेरनिर्धारणाला, म्हणजे कर नव्यानं ठरवायला, परत पाठवायचा अधिकार मिळाला आहे. तो वापरून फाइल परत गेली. जिंकलो असं नाही, पण कागद दाखवायची जागा मिळाली.

फेरनिर्धारण चेहराविरहित. अधिकारी कुठल्या शहरातला ते कळत नाही, मराठी येत असेल याची खात्री नाही. म्हणून सातबारा, तलाठ्याचा उतारा आणि वहीची चौतीस पानं इंग्रजीत करून दिली. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. "खुडा" एका शब्दात इंग्रजीत सांगता येत नाही, "वाण" लिहिलं तर वाचणारा गोंधळतो, आणि काकू शंभराला "शे" लिहितात. व्हिडिओवर सुनावणी मागितली, मिळाली. तात्या टोपी घालून माझ्या खुर्चीत बसले. पलीकडच्या अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं, साडेतीन लाख दीड महिना घरात कोण ठेवतं? तात्या म्हणाले, "साहेब, रान मिळणार होतं ना." मी पुढे कायद्याचं काहीतरी बोललो, पण उत्तर तेवढंच होतं.

डिसेंबर २०२५ च्या आदेशात १३ लाख ७० हजारांचा खुलासा मान्य झाला. बेदाण्याचे ९० हजार राहिले. त्या पंधरवड्यात वही कोरी होती. काकू लेकीच्या बाळंतपणाला ओझरला गेल्या होत्या आणि तात्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. ९० हजारांवर त्याच ७८ टक्क्यांनी ७० हजार २०० कर, आणि कराहून मोठं व्याज. आधी भरलेल्या २ लाख ३८ हजारांतून ते वळतं झालं, उरलेला परतावा निघाला. याच्यावरही अपील करता आलं असतं. तात्या नको म्हणाले. काकू म्हणाल्या, लिहिलं असतं तर वाचले असते. त्या दिवशी तात्या माझ्याशी जरा कमीच बोलले.

पोर्टलवर आता मुलाचा मोबाइल आहे, मेल त्याचाच, आणि दुसरा मेल सुनेचा. माझा कुठेही नाही. जानेवारीत परताव्याचा एसएमएस आला, तेव्हा मुलानं आधी मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली विचारलं, "सर, हा खरा आहे ना? यातल्या लिंकवर अजून क्लिक केलेलं नाही."

मी म्हटलं, करूही नको. पोर्टल उघड आणि तिथे बघ.